शब्दचर्चा : ‘हस्तनिर्मित पुस्तक’ म्हणजे हाताने नेमकं काय केलं?

शिवणदोरा :
नमस्कार मंडळी. मी ग्राफिक डिझायनर. मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची मांडणी, दुकानांची आणि संस्थांची बोधचिन्हं, लेटरहेड, पिशव्या, पाट्या यांवर घर चालतं. उरलेल्या वेळात हाताने पुस्तकं करते. एकेकाच्या पाच-दहा प्रती, फार तर पंचवीस. पुढच्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात ती मांडायची आहेत आणि शेजारी मराठीत पाट्या हव्यात. इंग्रजी पाट्या एका संध्याकाळी झाल्या. मराठीसाठी तीन दिवस बसले आहे.

पहिल्याच पाटीवर ‘हस्तनिर्मित पुस्तक’ लिहून आईला दाखवलं. म्हणाली, “उदबत्तीच्या पुड्यावर असतं तसं वाटतंय.” मुद्दा बरोबर आहे. दुसरा घोळ ‘व्हिज्युअल आयडेंटिटी’चा, म्हणजे दुकानाचं किंवा संस्थेचं नाव, अक्षरं, रंग, बोधचिन्ह या सगळ्यांतून दिसणारं एकच रूप. ‘दृश्य ओळख’ लिहिलं की साक्षीदार ओळखपरेडला उभा राहिल्यासारखं वाटतं. आणि तिसरं कुतूहल. माझा बाइंडर सोळा पानांच्या घडीला ‘जूस’ म्हणतो. मागे एका ठिकाणाहून दरपत्रक मागवलं, तर त्यात चक्क ‘ज्यूस बाइंडिंग’ टाइप केलेलं! हे काय प्रकरण आहे?

जुना जुळारी :
तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तेवढंच मला येतं. मूळ शब्द जुज. अरबीत त्याचा अर्थ भाग, अंश. कुराणाचे तीस भाग मानतात, त्यांतल्या प्रत्येकालाही हाच शब्द आहे. बांधणीच्या धंद्यातले बरेच शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आलेत. जिल्द, अस्तर, शिकंजा, सगळे त्याच पंगतीतले. आपण ‘जुजबी माहिती’ म्हणतो तो जुजबीसुद्धा याच घरचा, म्हणजे अंशापुरती, थोडकी. बोलता बोलता जुजचा जूस झाला आणि संगणकावर बसलेल्या पोराने त्याचा ज्यूस केला. मोसंबीचा की संत्र्याचा ते विचारून घ्या.

आता फर्मा आणि जुज यांतला फरक. फर्मा हा छपाईचा शब्द. लोखंडी चौकटीत खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, आवळून एका वेळी यंत्रावर चढवायची जेवढी पानं, तो फर्मा. तो कागद छापून, घडी घालून बाइंडरच्या पाटावर आला की त्याचा जुज. म्हणून मुद्रक सांगणार “दहा फर्म्यांचं पुस्तक”, म्हणजे सोळा पानांच्या हिशेबाने १६० पानं, आणि बाइंडर सांगणार “दहा जुज शिवायचे”. हल्ली दोन्हींची सरमिसळ होते, भांडण्यात अर्थ नाही. चांभाराकडे बुटाचा लाकडी साचा असतो तोही फर्माच. इंग्रजीतून आला की पोर्तुगीजमधून यावर वाद घाला हवा तर, दोघांची आजी एकच, लॅटिन ‘फॉर्मा’.

मी चौदा वर्षं खिळे जुळवले. आज पुस्तकाच्या श्रेयनामावलीत ‘अक्षरजुळणी’ वाचतो तेव्हा गंमत वाटते. जुळवायला आता खिळाच उरला नाही, जुळणी मात्र शाबूत आहे.

मोडीची गोडी :
पुस्तकाच्या नावातच बांधणी आहे, हे कुणी सांगितलं नाही अजून. ‘ग्रंथ’ संस्कृत ‘ग्रन्थ्’ धातूवरून आला, त्याचा अर्थ गुंफणं, बांधणं. गाठ या अर्थाचा ‘ग्रंथी’ त्याचाच भाऊ. ‘पुस्तक’ शब्दाचा माग पुष्कळ अभ्यासक जुन्या इराणी ‘पोस्त’पर्यंत, म्हणजे कातड्यापर्यंत, नेतात. ‘पोथी’ त्याचीच प्राकृतातून आलेली धाकटी बहीण.

मौज अशी की पोथी बांधलेली नसतेच. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी, भोवती कापड. शिवलेली असते ती वही किंवा बाड. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांमधून जमवलेली हस्तलिखितं आहेत, त्यांत अशी बाडं पुष्कळ. कुणी उतरवून घेतलेले अभंग, मध्येच एखादं औषध. पेशवे दफ्तरात कागद कापडात गुंडाळून ठेवत, त्या गठ्ठ्याला रुमाल. आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात संशोधक रुमालच मागतो. तेव्हा शिवणदोराताई, तुमच्या प्रदर्शनात सुट्या पानांचं काही असेल तर त्याला बिनधास्त पोथी म्हणा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथीवाले त्यांच्या सुट्या चित्रांच्या संचाला पोथीच म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, क्रमाने एकेक समोर धरायचं आणि कथा सांगायची. तुमच्या कॉलेजात याला कलापुस्तक म्हणत असतील, तिथे ती पोथी आहे.

शिवणदोरा :
अहो, हे फार उपयोगी पडलं! माझ्याकडे एक संच आहे, आमच्या बाजारपेठेतल्या रंगवलेल्या पाट्यांच्या अक्षरांचा. किराणावाल्याचा ‘कि’, सलूनचा ‘स’, एका शिंप्याने वेलांटीचा दोरा ओढत सुईत ओवलाय तो ‘शि’. चोवीस सुटी पानं. त्याला पोथी. ठरलं.

नागपूरकर :
चिकटवायच्या पदार्थाला काय लिहिणार? आमच्याकडे लई म्हणतात. पुण्याला गेलो तेव्हा दुकानदाराला म्हटलं “लई द्या”, तर तो म्हणाला “किती लई?”

शिवणदोरा :
खळ. मैद्याची. वाटीभर मैदा गार पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर सतत ढवळायचा. दुधट रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी आहे, तेव्हा त्या भांड्यात पुन्हा काही शिजवायचं नाही. माझं पहिलं पुस्तक मी मोरचूद न घालता केलं होतं. दोन पावसाळ्यांनी उघडलं तर पुठ्ठ्याखाली झुरळांनी संसार थाटलेला. खळ हा शब्द माझ्या आजीकडून आलाय. ती पतंगाच्या दिवसांत करून द्यायची.

तांबडा भात :
मी या धंद्यातली नाही, रत्नागिरीकडची. पण ‘हस्तनिर्मित’वर बोलायचंय. आपल्याकडे हाताने केलेल्या वस्तूला नाव देताना हाताने कुठलं काम केलं ते सांगतात. हातसडीचे तांदूळ. हातमागाची साडी. हातविणीचा स्वेटर. हातशिलाईची गोधडी. तांदूळ हस्तनिर्मित कुणी म्हणत नाही, कारण तांदूळ शेतात झाला, हाताने फक्त सडला. ‘हस्तनिर्मित’ म्हटलं की नेमकं काय केलं ते झाकलं जातं. तुम्ही कागदही केलात? शाई केलीत? मजकूर तुमचा? की फक्त शिवलंत?

जुना जुळारी :
क्या बात है! पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासून जी संस्था आहे तिचं नावच हातकागद संस्था. के. बी. जोशींनी उभी केली. ‘हस्तनिर्मित कागद’ म्हटलं नाही त्यांनी, हातकागद. पाच अक्षरं वाचली आणि काम कळलं.

शिवणदोरा :
तांबडा भात, तुम्ही मला पकडलंत. खरं सांगायचं तर माझी निम्मी पुस्तकं डिजिटल छपाईची आहेत. मजकूर संगणकावर जुळवला, दुकानातून छापून आणला, आणि पुढचं सगळं हाताने. हाडाची पट्टी घेऊन एकेक घडी दाबायची, जुज एकावर एक रचून पाठीवर पेन्सिलीने रेघा मारायच्या, आरीने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने एक जुज दुसऱ्याला अडकवत शिवत जायचं. दोरा फार ओढला तर कागद फाटतो, सैल सोडला तर पुस्तक उघडताना जुज पुढे लोंबतं. हा ताण बोटांना कळायला मला वर्ष लागलं. रात्रभर शिकंजात आवळून ठेवायचं. तर यात हाताची आहे ती बांधणी. म्हणजे ‘हातबांधणीचं पुस्तक’?

नागपूरकर :
बांधणी म्हटलं की बायको गुजराथी साडीकडे धावेल.

तांबडा भात :
मग हातशिवणीचं.

शिवणदोरा :
हातशिवणीचं पुस्तक! तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. उदबत्ती गेली. आता उरलेल्यांचा हिशेब. एक पुस्तिका मी ओळखीच्या छापखान्यात ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, छापली, मोठी अक्षरं लाकडी ठशांची, बारीक मजकूर खिळ्यांचा, जुळवलाही मीच, दोन पानांना चार दिवस लागले. तिला ‘हातजुळणी, हातशिवण’. एक लांबलचक पट्टी आहे नदीकाठची, पंख्यासारखी घडी घालून पुठ्ठ्यांत बसवलेली. तिच्यात टाकाच नाही, म्हणून ती नुसतं ‘घडीचं पुस्तक’. आणि एक पूर्ण बोरूने लिहिलेलं, एकच प्रत.

मोडीची गोडी :
ते हस्तलिखित. इथे ‘हस्त’ बदलू नका, तो शब्द रुळलेला आहे. आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघायचं. ज्याचं अक्षर चांगलं त्याला मजकूर, ज्याची चित्रकला चांगली त्याला मुखपृष्ठ, आणि माझ्याकडे समास आखायचं काम. ‘हातलिखाण’ म्हटलं तर तिथे कुणालाच काही आठवणार नाही.

वही-खाते :
मागच्या बाकावरून एक भर. व्यापारी वहीसुद्धा हातशिवणीचंच पुस्तक आहे. लाल कापडी, लवचीक पुठ्ठ्याची, पांढऱ्या दोऱ्याचे टाके वरून दिसणारी, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागणारी. तिच्यात रेघा नसतात. पानाला घड्या घालून सळ पाडतात आणि त्या सळांमध्ये आकडे लिहितात. रकाना छापायची गरजच नाही. कुठल्या डिझायनरला सुचेल हे?

शिवणदोरा :
मला सुचलं नाही एवढं नक्की. पुढच्या पुस्तकात सळ चोरणार आहे.

आता दुसरा प्रश्न घेऊ या का? एका धान्याच्या दुकानासाठी मी नाव लिहून दिलं, रंग ठरवले, पिशवी, पावती, टेम्पोची बाजू, सगळं एका हातचं वाटेल असं. याला मराठीत काय? ‘बोधचिन्ह’ हा त्यातला फक्त एक तुकडा.

मोडीची गोडी :
मी जुन्या कागदांकडे जाणार, सवय आहे. शिवाजी महाराजांचं पत्र डोळ्यांसमोर आणा. माथ्याकडे अष्टकोनी मुद्रा, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’. मजकूर संपला की खाली छोटी मुद्रा, ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे इथे मर्यादा झाली, यापुढे कुणी काही घुसडायचं नाही. वरचा तो शिक्का, खालचं ते मोर्तब. मिळून शिक्कामोर्तब. आज आपण ठरावावर शिक्कामोर्तब करतो तेव्हा दोन वेगळ्या वस्तू बोलतोय हे ध्यानातही नसतं. पेशव्यांच्या मोर्तबावर ‘लेखनसीमा’ असे. मोर्तब हा अरबी ‘मुरत्तब’, रीतसर लावलेलं, मांडलेलं. आता सांगा, मोठी खूण कुठे, छोटी कुठे, दोन्हींचा आकार काय, मजकूर कुठे थांबायचा, हे ठरवून देणं म्हणजे तुमचाच धंदा नव्हे का?

आणि ‘मुद्रा’ पाहा. शिक्का ती मुद्रा, चेहऱ्यावरचा भाव ती मुद्रा, आणि छपाई ते मुद्रण.

जुना जुळारी :
विद्वत्ता छान, पण धान्य दुकानदाराला “तुमची मुद्रा करून दिली” म्हटलं तर तो आरशात बघेल. बाजाराचा शब्द आहे छाप. गाय छाप, मोर छाप, घोडा छाप. न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकालाही माल ओळखता यायचा. आणि माणसाची छाप पडते तीही हीच, छापखाना तोही हाच. छाप म्हणजे फक्त चित्र नाही, त्याचा मनावर उमटलेला ठसाही.

शिवणदोरा :
छाप आवडला, पण तो एका चित्रावर थांबतो. पिशवीचा रंग, पावतीवरचं अक्षर, हे त्यात येत नाही. एसटीवर नाव नाही वाचलं तरी लांबून लाल रंग दिसला की बायका पिशव्या उचलतात. तो लाल डबा. तिथे छाप कुठली, नुसता रंग. किंवा कमल शेडग्यांनी केलेली नाटकांची नावं. पेपरातल्या जाहिरातीत अक्षरांच्या वळणावरूनच नाटक गंभीर की फार्स ते कळायचं.

तांबडा भात :
मी बाहेरची म्हणून विचारते, वर्तमानपत्र नव्या रूपात निघालं की आपण काय म्हणतो? “पेपरचा चेहरामोहरा बदलला.” मग तुम्ही दुकानाचा चेहरामोहरा केलात.

जुना जुळारी :
मी टोपी काढतो.

मोडीची गोडी :
थोडी कुरकुर. चेहरामोहरा बदलतात, ‘करतात’ का? नवं दुकान असेल तर?

तांबडा भात :
घडवतात.

शिवणदोरा :
‘दुकानाचा चेहरामोहरा घडवताना’. पाटीचं शीर्षक झालं. खाली बारीक अक्षरांत : नाव, अक्षरवळण, रंग, छाप, पिशवी, पावती. मोडीची गोडी, शिक्का आणि मोर्तब मी वाया घालवणार नाही. प्रत्येक पुस्तकात सुरुवातीला माझा शिक्का होताच, आता शेवटच्या पानावर मोर्तबही येईल. काय कोरायचं ते ठरायचंय. लेखनसीमासारखं ‘शिवणसीमा’ डोक्यात आहे, हसू नका.

नागपूरकर :
हसलो. पण करा.

शिवणदोरा :
पाट्या छापून आल्या. पहिली अशी : “बाजारातली अक्षरं. हातशिवणीचं पुस्तक. सहा जुज, हातकागदाचं अस्तर, मैद्याची खळ. दहा प्रती.” पोथीची सुटी पानं वेगळी मांडलीत, हे त्याच अक्षरांचं दुसरं, शिवलेलं रूप. सकाळी बाइंडर येऊन गेला. चष्मा काढून सगळं नीट वाचलं, ‘जुज’वर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ताई, इथे ऊ दीर्घ करायचा राहिलाय, आणि शेवटी स येतो.”