मदत हवी आहे : उपग्रह प्रतिमेत प्रवाळ आणि शैवाल वेगळे निघत नाहीत

भरतीरेषा : उपग्रह प्रतिमेवरून प्रवाळभित्तीचा नकाशा करते आहे. वाळू नीट ओळखू येते. परंतु प्रवाळ, शैवाल आणि सागरी गवत यांची वर्गीकरणात सरमिसळ होते आणि भित्तीच्या खोल उताराकडचा सगळा भाग एकाच गडद वर्गात जातो. प्रत्येक वर्ग ओळखण्यासाठी संगणकाला दिलेले नमुन्याचे बिंदू तीनदा बदलले, तरी फरक नाही. कृपया नेमका उपाय सांगावा, नकाशा लवकर द्यायचा आहे.

निळापट्टा : प्रतिमा कोणत्या उपग्रहाची, पाणी किती खोल आणि प्रकाशाचे कोणते पट्टे (तरंगलांबीचे भाग) वापरले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

भरतीरेषा : सेंटिनेल-2, खोली 1 ते 15 मीटर. निळा, हिरवा, लाल आणि निकट-अवरक्त (लालपलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) असे चारही पट्टे.

निळापट्टा : मग उतार गडद दिसणारच. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निकट-अवरक्त तळापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे आपले वर्गीकरण तळाचे नसून खोलीचे झाले आहे. निकट-अवरक्त पट्टा लाटांवरची चमक वजा करण्यापुरता वापरावा. नंतर वेगवेगळ्या खोलीवरची वाळू निवडून, संशोधक लायझेंगा यांच्या पद्धतीने, निळ्या-हिरव्या पट्ट्यांचा खोलीनिरपेक्ष निर्देशांक, म्हणजे खोलीचा परिणाम वगळून तळातला फरक दाखवणारा आकडा, काढावा. पाणी गढूळ असेल तर मात्र तो फसतो.

उंचउडी : एवढा खटाटोप कशाला? 10 मीटरच्या एका पिक्सेलमध्ये 100 चौरस मीटर तळ मावतो, त्यात वाळू, प्रवाळ, शैवाल सगळेच असते. ड्रोन उडवा.

निळापट्टा : ड्रोनलाही त्याच पाण्यातून पाहावे लागते, आणि संपूर्ण भित्तीवर तो किती दिवस उडवणार?

ऊनपाणी : विरंजनासाठी (उष्णतेने प्रवाळ पांढरे पडण्यासाठी) समुद्रपृष्ठाच्या तापमानाचे 5 किलोमीटर पिक्सेलचे नकाशे नोआ ही अमेरिकेची सागर व हवामान संस्था देते, ते पाहावेत.

भरतीरेषा : प्रश्न विरंजनाचा नाही. निर्देशांक काढला, उतार सुधारला आणि गवतही बरेचसे सुटले, परंतु प्रवाळ आणि शैवाल अजून एकत्रच आहेत.

जुनागाळ : प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांतही हरितद्रव्य असते, म्हणून मोजक्या रुंद पट्ट्यांत दोघांची छटा जवळजवळ सारखी येते. ॲलन कोरल ॲटलास या जगभरच्या प्रवाळभित्तींच्या नकाशासंग्रहानेही 'प्रवाळ/शैवाल' असा एकच वर्ग ठेवला आहे. आपणही तसाच ठेवावा. आता मूळ प्रश्न : नमुन्याचे बिंदू कोणत्या पाहणीतून घेतले?

भरतीरेषा : पाहणी झालेली नाही. ते याच प्रतिमेवर नजरेने निवडले.

जुनागाळ : मग तीनदा काय, तीसदा बदलले तरी आपला अंदाजच परत मिळेल. आधी पाण्यात कॅमेरा सोडून, स्थाननोंदीसह, तळाची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांतली काही केवळ पडताळणीसाठी बाजूला ठेवावीत.