२०१४ची पेट्रोल गाडी, रोजचे ८० किलोमीटर: सीएनजी किट बसवावं की गाडीच बदलावी?

परभणीची शिक्षिका:

नमस्कार मंडळी. घर परभणीत, शाळा बोरीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून सात किलोमीटर आत. येऊन-जाऊन ८० किलोमीटर, शिवाय केंद्रशाळेच्या मीटिंगा आणि पंचायत समितीच्या चकरा. महिन्याला दोन हजार किलोमीटर धरून चालते.

गाडी २०१४ची पेट्रोल वॅगनआर. आधी लिटरला अठरा द्यायची, आता पंधराच्या वर जात नाही. आमच्याकडे पेट्रोल १०६च्या घरात, म्हणजे महिन्याचे चौदा हजार नुसते टाकीत. मुंबईत २९ मे २०२१ला पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा केवढी बातमी झाली! परभणीत ती त्याआधीच ओलांडली होती. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतो, त्या वाहतुकीचा भार आमच्यावरच. २०२२मध्ये केंद्राने आणि राज्याने कर कमी केले, तरी शंभरच्या आत काही आलं नाही.

सहकारी सर म्हणतात नवी सीएनजी घ्या, भाऊ म्हणतो इलेक्ट्रिक घे, मिस्टर म्हणतात आहे तीच चालव. मुलगी यंदा बारावीला आहे, पुढच्या वर्षी तिची फी आणि होस्टेल. त्यामुळे चुकीच्या जागी पैसा अडकवायचा नाही. शिवाय मायलेज पडलं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळेच का, हेही कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

वाळूजचा गॅरेजवाला:

मॅडम, आधी मायलेजचं बघू, कारण त्याशिवाय पुढचा सगळा हिशोब चुकतो.

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. पंपावर आता वीस टक्के मिश्रण मिळतं. तुमच्यासारख्या जुन्या गाड्यांचं मायलेज त्याने सहा-सात टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे अठराचे पावणेसतरा. तुम्हाला मिळतात पंधरा. वरचे पावणेदोन किलोमीटर इथेनॉलने नेलेले नाहीत, ते गाडीत कुठेतरी जातायत.

ते शोधायला खर्च नाही. शाळेत पोचलात की लगेच उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. रिमला हात लावू नका, भाजेल. नुसती धग बघा. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा गरम असतात, ते ठीक. पण पुढच्या दोघांतलं एक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही. गाडी दिवसभर ब्रेक घासत धावते आणि ॲक्सिलरेटर तुम्ही जास्त दाबता. माझ्याकडे 'मायलेज पडलं' म्हणून जुन्या गाड्या येतात, त्यांत ही तक्रार फार सापडते. ब्रेक ठीक निघाला तर हवा, एअर फिल्टर, प्लग. हवा थंड टायरमध्ये तपासायची. आणि त्याच कामात इंधनाचे रबरी पाइप बघून घ्या. २०१४च्या गाडीचं रबर वीस टक्के इथेनॉल धरून केलेलं नाही. कडक झालं किंवा पेट्रोलचा वास येत असला तर लगेच बदला, त्यात चालढकल नको.

आता नवी गाडी. सीएनजी वॅगनआरचा कागदावरचा आकडा किलोला ३४ आहे, पण तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. रस्त्यावर २६-२७ धरा. गॅस ९२ रुपये किलो धरला तर महिन्याला सात हजारांच्या आसपास. तुमची गाडी दुरुस्त होऊन सतरा द्यायला लागली तर पेट्रोल साडेबारा हजारांचं. वाचले साडेपाच हजार. जुनी गाडी विकूनही पाच लाखांचं कर्ज लागेल, नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता दहा हजारांच्या वर. म्हणजे पेट्रोल वाचवायला घेतलेली गाडी पाच वर्षं दरमहा जवळपास पाच हजार वरून मागणार. गाडी मोडकळीला आली असती तर गोष्ट वेगळी. नुसत्या पेट्रोलसाठी मुलीच्या फीच्या वर्षात हा हप्ता घेऊ नका, असं मी कळकळीने सांगतो.

किटचं गणित जरा बरं आहे. चांगलं किट पन्नास-साठ हजार, महिन्याची बचत साडेतीन हजारांच्या आसपास, सव्वा वर्षात पैसे वसूल. पण २०२९ला रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं भरतात, तेवढ्यातच ते वापरून घ्यायचं आहे. बसवण्याआधी इंजिनचं कम्प्रेशन (आतला दाब) तपासून घ्या, कारण गॅसवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात आणि थकलेलं इंजिन तिथेच हात टेकतं. आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं सोडू नका. गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी.

आणि शाळा सुटल्यावर तुम्ही ज्या वेळी पंपावर पोचाल, त्याच वेळी जाऊन प्रेशर बघा. प्रेशर कमी असलं की आठ-नऊ किलोच्या सिलिंडरमध्ये पाच-सहाच बसतो, मग जवळजवळ रोजच रांग.

नाशिककर ईव्हीवाला:

माझं रोजचं धावणं तुमच्याइतकंच. रात्री घरी चार्जिंग, युनिटला सात-आठ किलोमीटर मिळतात. चालवायला यापेक्षा स्वस्त काही नाही. पण गाडीची किंमत जास्त, तेव्हा काकांचं हप्त्याचं गणित इथे आणखी जड जाईल. महिन्याला पावणेतीनशे युनिट वाढले की वीजबिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, तेही धरा. आज नको, २०२९ला नक्की विचार करा.

सेलूची ताई:

मॅडम, मीही जिल्हा परिषदेचीच. तुमच्या गाडीत रोज किती सीट रिकाम्या जातात? आमच्या रस्त्याला तीन शाळांच्या तिघी एकाच गाडीतून जातो, आठवडा-आठवडा वाटून. साडेबारा हजारांचे तीन भाग केले तर प्रत्येकीला सव्वाचार हजार. एवढी बचत ना किट देईल, ना नवी गाडी. एकीची रजा असली तर आदल्या रात्री कळवायचं, एवढा एकच नियम आम्ही कडक पाळतो.

नाहीतर मार्च २०२३पासून बायकांना एसटीचं भाडं अर्धं आहे. फाट्यावर ओळखीच्या दुकानात स्कूटी ठेवायची, आतले सात किलोमीटर तिच्यावर. पावसाळ्यात आतला रस्ता कसा राहतो ते मात्र तुम्हीच ठरवा.

परभणीची शिक्षिका:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, आज शाळेत उतरल्यावर बघितलं. पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा चांगलंच तापलं होतं, जळका वासही येत होता. सेलूच्या ताई, झरीच्या एक मॅडम आणि बोरीचे एक सर याच रस्त्याला आहेत, दोघांना उद्याच विचारते. एसटीचं जमणार नाही, आतला रस्ता जुलैत चिखलाने बंद होतो. काका, चाकाला किती खर्च येईल? किट आताच बसवू का?

वाळूजचा गॅरेजवाला:

वास येतोय तर उद्याच गॅरेजला न्या, तशी चालवू नका. बहुतेक कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजल्या असतील. साफ करून ग्रीस लावलं की भागतं, फार तर सीलचा संच लागेल. पॅड एका बाजूने झिजले असतील तर जोडी बदला. काम किरकोळ आहे.

किट थांबवा. दुरुस्तीनंतर एकाच पंपावर, नळी आपोआप बंद (ऑटो कट) होईपर्यंत टाकी भरा आणि दोन-तीन टाक्यांचा हिशोब वहीत मांडा. सोबतची मंडळी ठरली तर महिन्याचं तुमचं धावणं निम्म्याहून कमी होईल, मग पन्नास हजारांचं किट २०२९च्या आत जेमतेम वसूल होतं. आकडे आले की इथेच टाका, मी बघतो.