प्रकटीकरण १३ मधलं श्वापद: चिन्हं वाचायची कशी?

जिज्ञासू_वाचक
आमच्या बायबल अभ्यास गटात सध्या प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, तेरावा अध्याय चाललाय. समुद्रातून वर येणारं श्वापद, दहा शिंगं, सात डोकी. एकाने तर चिन्हांचा तक्ताच करून आणलाय: हे शिंग म्हणजे अमुक देश, ते डोकं म्हणजे तमुक संघटना. मला काही पटेना, पण खोडून काढायचं तर कशाच्या आधारावर?

जुनी_वाचक
तक्ता राहू द्या, आधी जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडा. तिथे समुद्रातून चार श्वापदं निघतात: गरुडाचे पंख असलेला सिंह, दातांत तीन फासळ्या धरलेलं अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि लोखंडी दातांचं, दहा शिंगांचं चौथं. आता प्रकटीकरण १३:२ वाचा. अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं! प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने सगळ्यांना एकाच कातड्यात कोंबलंय, तेही उलट्या क्रमाने. दानीएलाच्या चौघांची डोकी मोजून बघा, बेरीज सात येते. त्याच्या डोळ्यांसमोर दानीएल होता, आजचं वर्तमानपत्र नव्हे.

आणि मजकूर स्वतःच उलगडा करतो तिथे आपलं डोकं चालवू नये. दानीएल ८ मध्ये गब्रीएल देवदूत सरळ सांगतो: दोन शिंगांचा एडका म्हणजे मेद व पारस यांचे राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. बकऱ्याचं मोठं शिंग मोडतं, जागी चार उगवतात. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये मेला, पुढे राज्य सेनापतींनी वाटून घेतलं. प्रकटीकरण १७ मध्ये सात डोकी म्हणजे सात डोंगर. त्या काळच्या माणसाला सात टेकड्यांवर वसलेल्या रोमशिवाय दुसरं काय आठवणार?

(सिंह म्हणजे दर वेळी तेच राज्य, असंही नाही हं. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात योहान ऐकतो ‘यहूदा वंशाचा सिंह’, आणि पाहतो तर वधलेला कोकरा.)

शंकेखोर
ताई, इतकं सोपं नाही. दानीएल ७ मधलं चौथं श्वापद कोण? परंपरा रोम म्हणते. बरेच अभ्यासक ग्रीक राज्य मानतात, आणि त्याच्या डोक्यावर उगवणारं लहान शिंग म्हणजे इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळणारा ग्रीक राजा चौथा अंतियोख.

जुनी_वाचक
खरंय, सातव्यात नुसते ‘चार राजे’, नाव एकाचंही नाही. मी ग्रीकच धरते, कारण आठव्यातलं लहान शिंग ग्रीसच्या बकऱ्यातूनच फुटतं. पण रोमवाल्यांनाही आधार आहे: योहानाने तीच दहा शिंगं रोमच्या डोक्यावर चढवली.

जिज्ञासू_वाचक
तक्तावाले प्रकटीकरण १७:१२ दाखवतात. दहा शिंगं म्हणजे ‘अजून राज्य न मिळालेले’ दहा राजे. म्हणून ते आजचे देश, असं त्यांचं म्हणणं.

जुनी_वाचक
हा त्यांचा त्यातल्या त्यात बळकट मुद्दा. ‘अजून’ म्हणजे योहान लिहीत होता तेव्हा अजून. तिथून थेट आजवर उडी कशाच्या जोरावर? त्यांना एवढंच विचारा: इफिस, स्मुर्णा, लावदिकीया अशा सात शहरांतल्या मंडळ्यांना (चर्चना) हे पुस्तक पाठवलं होतं. तुमची देशांची यादी त्यांच्यापुढे वाचली असती तर त्यांना काय कळलं असतं?