ऑपरेशनल रिसर्च आणि कार्यक्रमाचं मूल्यमापन: एकच प्रस्ताव की दोन?

मेघा_ए
बालकांच्या लसीकरण कार्यक्रमाला तीन वर्षं होत आली. पेंटाचा (पाच रोगांविरुद्धच्या एकत्रित लशीचा) पहिला डोस बहुतेक मुलांना मिळतो, तिसऱ्यापर्यंत बरीच गळतात. निधी देणारी संस्था मूल्यमापन मागते आहे. कार्यक्रम-प्रमुखांचं म्हणणं, ऑपरेशनल रिसर्च (ओआर) करा, उपायही त्यातूनच निघेल. नोंदवह्या, सर्वेक्षण, मुलाखती तर दोन्हीकडे त्याच. मग फरक कुठे? एकाच प्रस्तावात दोन्ही बसतं का? नैतिकता समितीची मंजुरी दोन्हींना लागते का?

कोहॉर्ट
पद्धतीत फरक शोधू नका, प्रश्नात शोधा. मूल्यमापन कार्यक्रमाला त्याच्याच उद्दिष्टांपुढे उभं करतं: ठरलं होतं ते झालं का, किती, आणि खर्चाच्या मानाने पटण्याजोगं आहे का. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेचे सहा निकष (समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, टिकाऊपणा) त्यासाठीच आहेत. ओआर एवढा पसारा मांडत नाही. चालू यंत्रणेतला एक अडलेला टप्पा धरायचा, तो का अडतो ते पाहायचं आणि काय बदललं तर सुटतो ते तपासायचं.

तुमच्याच विषयात, समजा पेंटा-१ घेतलेली मुलं १०००, त्यांतली पेंटा-३ पर्यंत पोचलेली ८२०. गळती १८%. ती १०% च्या वर गेली की दखल घ्यायची असा रूढ संकेत आहे. ‘उद्दिष्ट गाठलं नाही’ एवढं सांगून मूल्यमापन थांबू शकतं. ओआर त्या १८० मुलांच्या मागे जातो. ती पहिल्या-दुसऱ्या डोसच्या मध्ये गळली की दुसऱ्या-तिसऱ्याच्या? सत्र रद्द झालं, लस संपली, कार्डावर पुढची तारीखच लिहिली नाही, डोसनंतर ताप आला म्हणून घरचे बिचकले, कुटुंब स्थलांतरित झालं? प्रत्येकाचा उपाय वेगळा.

हिशेबात एक गोची हमखास होते. मासिक अहवालातला पेंटा-१ चा आकडा आणि त्याच महिन्यातला पेंटा-३ चा आकडा ही एकच मुलं नसतात. म्हणून लहान केंद्रांत गळती कधी कधी चक्क उणे येते. वर्षाची बेरीज घ्या, किंवा सरळ जन्मतारखेनुसार मुलांची यादी करून प्रत्येकाचे तीनही डोस पाहा. दुसरा पर्याय वेळखाऊ आहे, पण ओआरला तोच लागतो.

स्टेपवेज
कोहॉर्ट यांनी रेघ जरा जास्तच ठळक ओढली आहे. प्रक्रियेचं मूल्यमापनही ‘का’ विचारतंच. व्यवहारात दोन्ही साखळीत येतात: मूल्यमापनाने खिंडार दाखवायचं, ओआरने उपाय तपासायचा, पुढच्या मूल्यमापनाने तो सगळीकडे लागू झाल्यावरही टिकला का ते पाहायचं. एका प्रस्तावात बसतं, पण गळतीची व्याख्या आणि छेद (टक्केवारी ज्या मुलांच्या संख्येवर काढायची ती) दोन्ही भागांत एकच ठेवा. नाहीतर शेवटी दोन आकडे येतात आणि बैठक त्यांच्याच भांडणात संपते.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ‘आधी-नंतर’ तुलनेत. सर्वाधिक गळतीची केंद्रं निवडून तिथे स्मरण-संदेश सुरू केले, की पुढच्या वर्षी गळती थोडी कमी दिसतेच. टोकाचे आकडे आपोआप सरासरीकडे सरकतात, त्यात संदेशाचा वाटा किती ते कळत नाही. निदान तुलनेची केंद्रं घ्या. उपाय सगळीकडे द्यायचाच असेल तर टप्प्याटप्प्याने द्या: २४ केंद्रांचे ४ गट, कुठला गट आधी ते सोडत काढून. उपायाआधीचे १२ महिने मासिक आकडे हवेत, म्हणजे हंगामी चढउतार वेगळे करता येतात.

सर्वेक्षणासाठी ३८४ हा आकडा सगळे डोळे झाकून लिहितात. तो साध्या यादृच्छिक नमुन्याचा आहे (अंदाज ५०%, चूक ±५%, विश्वासपातळी ९५%). गावं किंवा वस्त्या निवडून घरं घेणार असाल आणि डिझाइन इफेक्ट (एकाच वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात म्हणून नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो आकडा) २ धरलात, तर ७६८ लागतील.

आणखी एक: उपाय ज्यांनी आखला, त्यांनीच त्याचा निकाल देऊ नये. ओआरच्या चमूत कार्यक्रमाची माणसं प्रश्न ठरवण्यापासून हवीतच, त्यांच्याशिवाय निष्कर्ष कपाटात जातात. मूल्यमापनाचं विश्लेषण मात्र बाहेरच्याकडे द्या.

नैतिक_प्रश्न
मंजुरी नावावर ठरत नाही, कामावर ठरते. नावं काढलेल्या जुन्या नोंदी असतील तर बऱ्याच समित्या सूट देतात किंवा जलद परीक्षण करतात. पण सूट आहे हे समितीने लिहून द्यावं लागतं, आपण ठरवायचं नसतं. पालकांच्या मुलाखती किंवा नवा उपाय आला की संमतिपत्रासह पूर्ण अर्ज. ‘हे फक्त मूल्यमापन आहे’ म्हणून काम उरकायचं आणि मग शोधनिबंध पाठवायचा, हे जमत नाही. नियतकालिकं मंजुरी क्रमांक मागतात आणि तो मागाहून मिळत नाही.

मेघा_ए
नोंदवहीत दुसऱ्या डोसचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा आहे. त्याचं काय करायचं?

कोहॉर्ट
रिकामा म्हणजे ‘घेतला नाही’ असं धरू नका. तिसऱ्याची तारीख असून दुसऱ्याची नसेल तर बहुधा लिहायचं राहिलं आहे. प्रस्ताव पक्का करण्याआधी प्रत्येक केंद्रातली अशी २० मुलं यादृच्छिक निवडा आणि घरची कार्डं नोंदवहीशी ताडा. रकाने तीन ढिगांत मोजा: दिला पण लिहिला नाही, दुसऱ्या केंद्रात घेतला, घेतलाच नाही. पहिला ढीग मोठा निघाला तर स्मरण-संदेशांवर पैसा घालू नका. ओआरचा प्रश्न नोंदींवर न्या, आणि गळतीचा आकडाही अहवालात टाकण्याआधी पुन्हा काढा.