आईच्या नावावर समन्स आलंय, फुकट वकील मिळेल का?

प्रश्न: गिरगावात आमची पागडीची खोली. भाडेपावती आईच्या नावावर. मालकाने वर्षभर मनीऑर्डर परत पाठवल्या, आता थकबाकीचा दावा ठोकलाय. काल लघुवाद न्यायालयाचं समन्स आलं. रात्री आई पावत्यांची पिशवी उशाशी घेऊन झोपली. वकिलाची फी झेपणारी नाही.

उत्तर: मिळतो. १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही. अर्ज आईच्या नावाने करा. १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा.

उत्तर: वकिलाची वाट बघत तारखा घालवू नका! समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं १५ टक्के व्याज आणि खर्चासह कोर्टात भरा, पुढचंही नियमित भरा. मग थकबाकीवरून घराबाहेर काढता येत नाही. परत आलेल्या मनीऑर्डरी जपा, तोच पुरावा.

प्रश्नकर्ता: सगळ्या आहेत, आईने सुतळीने बांधून ठेवल्यात. उद्याच निघतो.