फी ठेवा, पण मोजणी बदला

आपली वाहिनी दाखवावी म्हणून वाहिनी केबल कंपनीला जे पैसे देते ती कॅरेज फी. 'ही म्हणजे केबलवाल्यांची खंडणी, बंदच करा' असं काही जण म्हणतात. पूर्ण पटत नाही. जाळं टाकायला, सांभाळायला खर्च येतोच. खरी गोम मोजणीत आहे.

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१७ च्या नियमांप्रमाणे वाहिनीनेच 'आम्हाला दाखवा' म्हटलं तर साध्या वाहिनीला दर जोडणीमागे महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे. वाहिनी घेणारे वाढले की दर उतरतो, २० टक्के जोडण्यांनी ती घेतली की फी शून्य. आता आमचं इंदूर घ्या. लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर धरूनही आपण मराठी माणसं असे किती? वाहिनी घेणारे ५ टक्क्यांच्या आत राहिले की पूर्ण दर, आणि तो सगळ्या चालू जोडण्यांवर! १ लाख जोडण्या असतील तर महिन्याला २०,००० रुपये, पाहणारी घरं मूठभर का असेनात. मग कोणती वाहिनी इथे यायला धडपडेल?

आमच्याकडे एकदा ऐन गणपतीत मराठी वाहिनी गेली. आई दिवा लावून सातच्या मालिकेला बसली, तर पडद्यावर नुसती निळी पाटी. केबलवाला म्हणाला, "आंटीजी, मराठी तो गली में दो ही घर देखते हैं." आई काही बोलली नाही, टीव्ही बंद करून आत गेली. मला ते फार लागलं.

फेब्रुवारी २०२३ चं भांडण वेगळं. तेव्हा नव्या दरांच्या करारावर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल वाहिन्यांनी तोडले होते. दोन्हींची गल्लत नको.

फी वाहिनी घेणाऱ्या घरांवरच मोजावी. ट्राय पुढच्या वेळी सूचना मागवेल तेव्हा मी हेच लिहिणार आहे, बडोदा-ग्वाल्हेरकरांनीही लिहावं.