गाडी लो केली आणि थरथरतेय? 'अलाइनमेंट करून घे' हा सल्ला बास करा आता

चाकपुराण:
काल इथे एकाने विचारलं, स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या) आणि नवे अलॉय रिम टाकले तेव्हापासून ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, काय करू? पहिलंच उत्तर आलं, "अलाइनमेंट करून घे, सगळं ठीक होईल." आणि त्याला धडाधड लाईक. वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग वाकडं राहतं, टायर आतून खाल्ला जातो. थरथर त्यातून थेट येत नाही. ती येते नंतर, त्या खाल्लेल्या टायरमुळे, आणि तोवर टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) सरळ करून काही उपयोग नसतो कारण टायर तोच आहे ना. आधी गाडी कधी थरथरते ते बघा. ठराविक स्पीडला थरथरते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी चालूच राहते, तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं असणं), रिम नाहीतर टायर. पाय दाबला की सुरू, सोडला की गायब, तर एक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट, कारण गाडी खाली बसली की एक्सलचा अँगल बदलतो. फक्त ब्रेकला होत असेल तर डिस्क. स्टेअरिंगमध्ये जाणवलं तर पुढे शोधा, सीटखाली जाणवलं तर मागे.

आणि अलॉय बदललेत हे कोणी विचारातच घेतलं नाही! स्विफ्टचा हब (ज्यावर चाक बसतं तो मधला गोल भाग) ५४.१ मिमीचा, बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक ७३.१. मध्ये ही फट भरणारी रिंग नसेल तर चाक नुसत्या नटांवर बसतं, आणि जरासं बाजूला बसलं की बॅलन्सिंगच्या मशीनवर शून्य दाखवलेलं चाक गाडीवर नाचतं.

मिरज_गॅरेज:
रिंगेचं मान्य. पण तुम्ही अलाइनमेंटला पार निकालात काढलंत ते चूक आहे. आमच्याकडे लो केलेली गाडी आली की मी पहिल्यांदा अलाइनमेंटचं रीडिंगच काढतो. दोन बाजूंच्या कँबरमध्ये (चाकाच्या उभ्या कलात) मोठा फरक दिसला की समजायचं चाक धरणारा लोअर आर्म नाहीतर स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बरचा खांब) वाकलाय, आणि तसा खड्डा बसला असेल तर रिमही वाकलेलं असतं. रीडिंग न घेता नुसतं बॅलन्सिंग करत बसलात तर ग्राहक आठवड्याने परत दारात. दुसरं म्हणजे स्प्रिंगा टाकताना लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट सैल करून, गाडी जमिनीवर उभी केल्यावर परत टाईट करायचे असतात. किती जण करतात? नाही केलं की बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चाकपुराण:
रीडिंग काढा ना, माझी काहीच हरकत नाही. पण काय होतं सांगतो. माझ्या भावाची गाडी पुण्यातल्या एका टायरवाल्याकडे नेली, त्याने पुढचा टो मशीनवर हिरव्यात, म्हणजे मापात आणला, कागद हातात दिला, पैसे घेतले. मागचं चाक लालच. म्हणे मागे ॲडजस्टमेंटच नाही. बरोबर आहे, मागे बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, शिम (पातळ चकत्या) घालाव्या लागतात, आणि पुढचा कँबर मापात आणायचा तर कँबर बोल्ट लागतो. पण हे आधी सांगायचं की नाही? टायरवर हात फिरवून तरी बघायचा, आतून बाहेर फिरवला तर गुळगुळीत लागत होता आणि उलटा फिरवला तर करवतीसारखा.

साधीगाडी:
मुळात लो करायचीच कशाला? कंपनीने १६३ मिमी क्लिअरन्स दिलाय तो विचार करूनच. आमच्या शेजारच्या पोराने स्प्रिंगा कापून घेतल्या, गावच्या स्पीडब्रेकरवर इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फुटलं, ऑइल सगळं रस्त्यावर. अपघात झाला की इन्शुरन्सवाला बदल दाखवून क्लेम अडवणार ते वेगळंच.

घाटातला:
कापलेली स्प्रिंग आणि लोअरिंग स्प्रिंग एकाच मापाने मोजू नका हो. कापलेली स्प्रिंग चाक लोंबलं की जागेवरून सुटते, त्याला मीही विरोध करतो. पण चेंबर फुटलं ते स्पीडब्रेकरने! इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद. गावोगावी काय असतं? डांबराचा अरुंद वरवंटा, ना पट्टे, ना पाटी. रात्री साध्या गाडीचंही रिम वाकतं. थरथर तिथून सुरू होते आणि दोष मात्र लोअरिंगला.

कवठ्याचा:
शहरातनं बसून वरवंटा म्हणायला सोपं आहे. आमच्या शाळेसमोर पोरगी उडवली गाडीने, दोन वेळा अर्ज दिला कोणी फिरकलं नाही, मग आम्हीच टाकला ब्रेकर. तुमचं रिम वाकलं तर दुकानात मिळतं.

घाटातला:
पोरीचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण अंधारात न दिसणाऱ्या ब्रेकरवर दुचाकीवाले पडतात त्यांचं काय? तुम्ही टाकलेल्यावर पांढरे पट्टे तरी आहेत का?

कवठ्याचा:
नाहीत. मारू. पण उंची कमी करणार नाही, आधीच सांगतो. कमी उंचीवर कोण थांबतंय!

साधीगाडी:
थांबतात. रुंद असला की १० सेंमीलाही थांबतात. आमच्या कॉलनीत नियमाप्रमाणे केलाय, रिक्षावालेसुद्धा हळू घेतात.

घाटातला:
तेच तर म्हणतोय मी मघापासून!! उंची नाही, आकार बघा.

कवठ्याचा:
बघू. ग्रामपंचायतीत बोलतो. वरवंटा म्हणायचं मात्र बंद करा.

निळी_स्विफ्ट:
कालचा प्रश्न माझाच होता. आज चाकं काढली, पुढच्या एकाही चाकात रिंग नव्हती, अलॉयवाल्याने टाकलीच नाही. ५४.१ च्या रिंगा बसवून परत बॅलन्सिंग केलं, १०० पर्यंत स्टेअरिंग शांत. आता सीटखाली थोडं जाणवतंय.

मिरज_गॅरेज:
ठीक, तुमच्या केसमध्ये चाकपुराण बरोबर निघाले. पण सीटखाली म्हणजे मागे, आणि मागचा टो तुम्ही अजून बघितलेला नाही. चारही चाकांचं रीडिंग काढा, कागदाचा फोटो इथे टाका.

चाकपुराण:
कागदासोबत मागच्या टायरच्या आतल्या कडेचा फोटोही टाक. कड खाल्लेली असेल तर शिम घातल्याशिवाय नवे टायर घेऊ नकोस, तेही तसेच जातील.